उंबरठ्यावरचे चार प्रश्न

दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही आजोळी जात असू. एस. टी. सकाळी सहाची. ट्रंक, वळकट्या, फराळाचा डबा असे सारे सामान ओट्यावर येऊन पडलेले असे, बाबा घड्याळाकडे पाहून चुळबुळत असत, आणि आई मात्र उंबरठ्यावर ठाण मांडून उभी. तिचे चार प्रश्न झाल्याखेरीज कुणाचे पाऊल बाहेर पडायचे नाही असा घरचा कायदाच होता. स्टो विझला का? मागच्या दाराला कडी घातली का? उरलेले दूध कुणाकडे दिले? आणि किल्ली कुणाच्या खिशात आहे?

नुसते 'हो' म्हणून भागत नसे. कडीचे काम माझ्याकडे असे. मी 'घातली' म्हटले की ती माझ्या तोंडाकडे पाहून विचारी, "बघून सांगतोस, की आठवून सांगतोस?" या एका प्रश्नापुढे माझी दरवेळी गाळण उडत असे. मग मी धावत मागल्या दारी जाई, कडीला हात लावी आणि परत येई. दहा वेळांपैकी नऊ वेळा कडी घातलेलीच असे. बाबा म्हणत, "पाहिलंस? उगीच पाच मिनिटं घालवलीस." आई म्हणे, "त्या दहाव्या वेळेसाठी घालवली."

आईच्या या स्वभावाची आम्ही भावंडे पुष्कळ थट्टा करीत असू. तिच्या त्या उंबरठ्यावरच्या उभे राहण्याला संगणकाच्या शास्त्रात एक प्रतिष्ठित नाव आहे आणि ते मला चाळिशी उलटल्यावर, एका मुलाच्या डोळ्यांत पाहण्याची हिंमत गमावल्यानंतर कळणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

आधी माझी ओळख करून देतो. मी तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी. त्यावर ब्रश धरण्याची एक पदविका. असा माणूस संगणकाच्या वाटेला गेलाच कसा, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर २०२० सालात आहे. शाळेला कुलूप लागले, चित्रकलेचा तास मोबाइलच्या चार बोटे रुंद पडद्यावर आला, आणि हातात वेळ एवढा उरला की नव्या कादंबरीची तीन प्रकरणे लिहून तीनही फाडून झाली. तेव्हा पुण्याहून घरी येऊन राहिलेली माझी पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही पायथॉन शिका. व्याकरण सोपं आहे. तुम्हांला आवडेल."

आणि खरोखरच आवडले. पायथॉन ही भाषा १९९१ साली जगापुढे आली. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थाने ती रचली. नावावरून अजगर डोळ्यांपुढे येतो, पण ते घेतले आहे एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून. तिच्यात ओळ किती आत सरकवून लिहिली यालाही अर्थ असतो. वहीत समास सोडा म्हणून वीस वर्षे मुलांच्या मागे लागलेल्या मास्तराला अशी भाषा भेटावी, हा योगच म्हणायचा.

त्यानंतर जँगो आला. या शब्दाच्या आरंभी एक मुका 'डी' आहे. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीने तो महिनाभर मोठ्याने उच्चारला आणि पुतणीने तो महिनाभर हसत ऐकून घेतला. जँगो म्हणजे वेबसाइट उभारण्याचा तयार सांगाडा. घर बांधताना खांब, तुळया आणि जिन्याची पायरी आपण रोज नव्याने शोधून काढत नाही, तसा. तो २००३ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे त्या पत्राची संकेतस्थळे सांभाळीत असत. बातमीला थांबायला वेळ नसतो, म्हणून कामे झटपट उरकण्यासाठी त्यांनी तो रचला आणि जुलै २००५ मध्ये जगाला मोकळा करून दिला. नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. हा वादक १९२८ साली आपल्या फिरत्या घराला लागलेल्या आगीत होरपळला. डाव्या हाताची दोन बोटे कायमची अधू झाली, आणि उरलेल्या बोटांनी त्याने पुढे जग जिंकले. आग कशी लागली याची हकीकत अशी सांगतात, की बायको उपजीविकेसाठी सेल्युलॉइडची फुले करीत असे आणि रात्री घरात मेणबत्ती जळत होती. फुले निरुपद्रवी आणि मेणबत्तीही निरुपद्रवी. पण दोन्ही एका खोलीत आली. वाचकांनी ही मेणबत्ती आणि ही फुले जरा लक्षात ठेवावीत. मला ती पुन्हा लागणार आहेत.

आमच्या शाळेसाठी मी एक लहानसे संकेतस्थळ तयार केले. त्यावर पालकांसाठी सूचना, वेळापत्रक, स्नेहसंमेलनाचे फोटो, असे होते. मुख्याध्यापक खूश, मी त्याहून खूश. अशा स्थळाच्या मुळाशी एक फाइल असते. तिला सेटिंग्ज म्हणतात. घर कुठल्या गावचे, भाषा कोणती, घड्याळ कुठले, दारे किती आणि किल्ल्या कुठे ठेवल्या, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. त्या फाइलने मला पहिला धडा जरा गमतीनेच दिला.

एका जून महिन्यात मी ती फाइल झाडूनपुसून स्वच्छ केली. नको वाटल्या त्या ओळी काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पावसाची सुट्टी जाहीर करणारी सूचना चढवली, आणि पालकांचे फोन सुरू झाले. सूचनेवर वेळ पडली होती आदल्या रात्री साडेनऊची! एका पालकाने तर विचारले, "सर, पाऊस पडणार हे तुम्हांला रात्रीच कसं कळलं?" शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. साफसफाईत मी घड्याळाची ओळ उडवली होती. ती नसली की जँगो स्वतःच्या मनाने घड्याळ लावतो, आणि ते असते शिकागोचे. कारण कॅन्ससमधल्या त्या वर्तमानपत्राची भिंतीवरची घड्याळे त्याच वेळेची. वीस वर्षांपूर्वीची एका परक्या कचेरीची वेळ आमच्या शाळेच्या फळ्यावर आली होती. मी हसलो, ओळ परत घातली आणि विसरलो.

विसरायला नको होते. त्या गमतीत एक गंभीर गोष्ट दडलेली होती. सेटिंग्जमध्ये कोरी जागा अशी नसतेच. आपण सोडलेली जागा दुसरे कुणीतरी भरते, आणि भरल्याचे आपल्याला सांगत नाही.

आता मूळ हकीकतीकडे येतो. लिहिताना हात जड होतो आहे, तरी लिहायला हवे.

आमच्या शाळेत गरीब विद्यार्थी निधी आहे. सहल, गणवेश, वह्या यांसाठी त्यातून थोडी मदत मिळते. पूर्वी त्यासाठी मुलाला अर्ज घेऊन कचेरीपुढे उभे राहावे लागे. मधल्या सुट्टीत सगळी शाळा तिथून जाते. हातात तो कागद धरून भिंतीला चिकटून उभी राहिलेली मुले मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. संकेतस्थळ झाल्यावर मला वाटले, आता ही शिक्षा संपवावी. आईबापांनी घरबसल्या मोबाइलवरून अर्जाचा फोटो पाठवावा, तो मी आणि मुख्याध्यापक या दोघांनीच पाहावा, मुलाला कळलेही नाही तरी चालेल. ही सोय मी मोठ्या प्रेमाने केली. त्यासाठी दोन कपाटे केली: एक उघडे, त्याला जँगोत मीडिया म्हणतात, सूचना आणि फोटो त्यात, दुसरे खाजगी, निधीचे अर्ज त्यात. खाजगी कपाटाचा पत्ता फाइलीत लिहिला नाही. तो ज्या यंत्रावर स्थळ चालते त्या यंत्राला विचारायचा असे ठेवले. जाणकार असेच करतात.

आणि इथे मी एक कनवाळूपणा केला. यंत्राने पत्ता सांगितला नाही तर सगळे बंद पडू नये, म्हणून पुढे लिहून ठेवले: पत्ता न मिळाल्यास मीडियाचे कपाट वापर. एक ओळ. पाहुण्याला खोली नसेल तर ओसरीवर पथारी टाकावी, तितकीच भाबडी.

दुसरा कनवाळूपणा त्याआधी वर्षभर केलेला होता. काही पालकांना जुन्या सूचना सापडत नसत, म्हणून फाइली वाटणाऱ्या सर्व्हरला मी सांगून ठेवले होते, की कुणी मीडियाचे दार उघडले तर आतल्या सगळ्या फाइलींची यादी दाखव. सूचनाच त्या, लपवायचे काय होते?

मेणबत्ती आणि फुले. दोन्ही माझ्याच हातची, दोन्ही सद्‌हेतूने ठेवलेली.

पुढे मे महिन्यात आम्ही यंत्र बदलले. जुने भाडे महाग पडत होते. नव्या यंत्रावर सगळे हलवले, पाने उघडून पाहिली, घड्याळसुद्धा पाहिले. खाजगी कपाटाचा पत्ता नव्या यंत्राला सांगायचा राहिला. कुणी तक्रार केली नाही, कुठे लाल अक्षर दिसले नाही. जूनमध्ये अर्ज येऊ लागले आणि शिस्तीने उघड्या कपाटात जाऊन बसू लागले. मला आणि मुख्याध्यापकांना ते पूर्वीसारखेच दिसत होते. फक्त आता ते साऱ्या गावालाही दिसत होते.

जुलैत आठवीतल्या एका मुलाला ती यादी सापडली. त्याने वाईट हेतूने केले असे मी म्हणणार नाही. तेराव्या वर्षी बंद पेटीपेक्षा उघडी पेटी अधिक खुणावते. त्याने एक फाइल उघडली, तिचा फोटो वर्गाच्या गटात पाठवला, आणि सकाळची प्रार्थना होईपर्यंत तो शाळेतल्या निम्म्या घरांत पोचला होता.

तो अर्ज त्याच वर्गातल्या एका मुलाच्या आईचा होता. नाव सांगत नाही. मुलाचा चित्रकलेचा हात फार चांगला. पाण्याचे रंग वाळायच्या आत कुठे थांबावे हे न शिकवता कळलेला. आईने अर्जात सारे लिहिले होते, कारण अर्ज खरा लिहायचा असतो असे तिला वाटले. नवरा घर सोडून गेला, ती पाच घरची धुणीभांडी करते, मुलाला हे शाळेत कळू देऊ नये. त्या पाच घरांपैकी दोन घरची मुले त्याच वर्गात होती.

तो मुलगा दुपारच्या सुट्टीत दप्तर घेऊन निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ओळ दुरुस्त करायला मला पाच मिनिटे लागली. फाइली हलवल्या, यादी बंद केली. वर्गशिक्षकांनी मुलांना समजावले, फोटो पुसायला लावले. पण एकदा वाचलेले पुसण्याची आज्ञा अजून कुठल्याही भाषेत निघालेली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. एक खोली, बाहेर मोरी, दारात तुळशीचा डबा. मुलगा मला पाहून मागच्या बाजूने निघून गेला. मी म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. शाळेची नाही, मुलांचीही नाही. माझी."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो कागद लिहायला मला दोन रात्री लागल्या, सर. लोकांना वाचायला दोन मिनिटं नाही लागली."

मी खाली पाहत राहिलो. त्यांनी चहा ठेवला. मी नको म्हणालो नाही. नको म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता. कप पुढे करताना त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. पण दुसऱ्या कुणाच्या पोराचा कागद असा उघडा पडू नये, एवढं तरी बघा. मी ध्यानात ठेवीन असं म्हणू नका. ध्यानात तर तुम्ही आधीबी ठेवलं असणार."

बघून सांगतोस, की आठवून सांगतोस? तीस वर्षांनी, दुसऱ्याच एका उंबरठ्यावर, मला तोच प्रश्न विचारला गेला होता.

त्या रात्री पुतणीला फोन केला. सगळे ऐकून ती म्हणाली, "काका, रडून काही होणार नाही. तुम्ही चेक लिहा."

चेक म्हणजे काय ते तिने सांगितले, आणि उरलेले मी शब्दकोश उशाशी घेऊन जँगोच्या इंग्रजी पोथीत वाचले. सप्टेंबर २०१४ मध्ये जँगोची १.७ ही आवृत्ती निघाली, तिच्यात ही व्यवस्था आली. स्थळ सुरू करण्यापूर्वी जँगो स्वतःला काही प्रश्न विचारतो आणि उत्तरे जुळली नाहीत तर तसे स्पष्ट सांगतो. तक्रारीच्या पाच पायऱ्या आहेत: डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर आणि क्रिटिकल, त्यांना १० पासून ५० पर्यंत अंक दिले आहेत. वॉर्निंगपर्यंत तो नुसता कुरकुरतो. एररपासून पुढे मात्र उंबरठ्यावर आडवा हात धरतो. बऱ्याचशा आज्ञा मग पुढे सरकतच नाहीत.

पण मला गहिवरून आले ते पुढच्या गोष्टीने. जँगोच्या स्वतःच्या प्रश्नांत आपणही आपले प्रश्न घालू शकतो. आमच्या शाळेत गरीब विद्यार्थी निधी आहे, हे कॅन्ससच्या लोकांना कुठून माहीत असणार? आपल्या घरची मागची कडी आपणच विचारायची असते.

प्रश्न लिहायची रीत साधी आहे. पायथॉनमध्ये एक लहानसे फंक्शन लिहायचे. त्याने सेटिंग्ज पाहायच्या आणि तक्रारींची यादी परत करायची. तक्रार नसेल तर यादी रिकामी. प्रत्येक तक्रारीत काय बिघडले ते एका वाक्यात, काय करावे याची सूचना दुसऱ्या वाक्यात, आणि एक क्रमांक. माझ्या पहिल्या तक्रारीचा क्रमांक 'शाळा.ई००१'. खाजगी कपाटाचा पत्ता मिळाला नाही, असे ती म्हणते. तो कनवाळू पर्याय मी सेटिंग्जमधून खोडून टाकला होताच. पण नुसते खोडून भागत नाही हेही तेव्हाच कळले: फाइली ठेवणाऱ्या यंत्रणेला जागा सांगितलीच नाही, तर जँगो आपण होऊन मीडियाचेच कपाट धरतो. पुन्हा ती कोरी जागा, आणि पुन्हा ती दुसऱ्याने भरलेली!

दुसरी तक्रार 'शाळा.ई००२': खाजगी कपाट उघड्या कपाटाच्या आत आहे. ही लिहिताना माझी फजिती झाली. मी दोन पत्ते घेतले आणि खाजगी पत्त्याची सुरुवात मीडियाच्या पत्त्याने होते का, एवढेच पाहिले. खाजगी कपाटाला मी 'मीडिया-खाजगी' असे नाव दिले होते. ते मीडियाच्या शेजारी होते, आत नव्हते, तरी अक्षरे जुळतात म्हणून चेक ओरडू लागला. आडनाव सारखे म्हणून शेजाऱ्याला मुलगा ठरवण्यासारखेच ते. मग पुतणीने सांगितले तसे केले. पत्ता पूर्ण उलगडून घ्यायचा, त्याची वंशावळ काढायची आणि तिच्यात मीडियाचे नाव येते का ते पाहायचे. दोन्ही पत्ते एकच निघाले तरी तक्रार करायची. पायथॉनमध्ये त्या वंशावळीला 'पेरेंट्स' असेच म्हणतात. पूर्वजांवरून माणसाची चौकशी करणे मला एरवी आवडत नाही. पण कपाटाच्या बाबतीत ते योग्य आहे.

तिसरी तक्रार घड्याळाची. एशिया-कोलकाता नसेल तर नुसती वॉर्निंग. सूचनेवर शिकागोची वेळ पडली म्हणून कुणाचे मूल घरी बसत नाही. कशाला अडवायचे आणि कशाला नुसते कुरकुरायचे, हे ठरवताना माझी दोन रात्री झोप गेली. आईचेही तसेच असे. स्टोसाठी ती एस. टी. चुकवायला तयार होती; दुधासाठी नव्हती.

सारे लिहून झाले. मी मुद्दाम खाजगी कपाटाचा पत्ता पुसला आणि आज्ञा दिली. जँगोने सांगितले, 'सिस्टिम चेक आयडेंटिफाइड नो इश्यूज', म्हणजे सगळे आलबेल आहे! माझ्या पोटात गोळा आला. तासभर डोके खाजवल्यावर कारण कळले. मी प्रश्न लिहिले होते, पण ती फाइल उघडायला कुणाला सांगितलेच नव्हते. अॅप तयार झाल्याची वर्दी जिथे मिळते, त्या 'रेडी' नावाच्या जागी ती फाइल बोलावून घ्यावी लागते. तोवर माझा पहारेकरी हजेरीपटावर नव्हताच; तो घरी झोपला होता आणि मी त्याच्या भरवशावर निर्धास्त होतो.

या फजितीचे मोल मात्र मोठे आहे. मी पत्ता मुद्दाम पुसून पाहिला नसता, तर ते 'आलबेल' मी वर्षभर अभिमानाने मिरवले असते. परीक्षक म्हणून मला हे ठाऊक असायला हवे होते: चुकीचे उत्तर देऊन जो प्रश्न नापास करीत नाही, तो प्रश्नच नव्हे. आता मी दर सत्राच्या आरंभी एकदा सेटिंग्ज हेतुपुरस्सर बिघडवतो, तांबड्या अक्षरांत ई००१ उमटलेला पाहतो, आणि मग दुरुस्त करतो.

आणखी एक भोक बुजवायचे होते. प्रत्यक्ष कामाला लागलेल्या यंत्रावर स्थळ सुरू होते तेव्हा जँगो हे प्रश्न आपण होऊन विचारत नाही. वेगासाठी तसे ठेवले आहे. तिथे प्रश्न विचारण्याची आज्ञा आपणच द्यायची असते, आणि तिला 'डिप्लॉय' हा शब्द जोडला की जँगो आपले काही जादा प्रश्नही विचारतो: डीबगचा दिवा चालूच राहिला का, गुप्त किल्ली पन्नास अक्षरांहून आखूड तर नाही ना, आणि असेच. मी नवे काम यंत्रावर चढवण्याच्या पायऱ्यांत ही आज्ञा सगळ्यांत आधी घातली. ती नापास झाली की पुढची पायरीच नाही. प्रश्न गप्प करण्याचीही सोय जँगोत आहे. तिच्यासाठी सेटिंग्जमध्ये एक यादी असते. क्रमांक लिहिला की ती तक्रार ऐकू येत नाही. ती यादी मी आजवर कोरी ठेवली आहे.

आणि तरीही सारे काही या पहाऱ्यात येत नाही, हे सांगितले पाहिजे. फाइलींची यादी दाखवणारा तो सर्व्हर जँगोच्या घराबाहेर राहतो. त्याच्यापर्यंत माझ्या चेकचा हात पोचत नाही. त्यासाठी मी एक साधी वही केली आहे. यंत्र बदलले की दुसऱ्याच्या मोबाइलवरून, शाळेशी संबंध नसलेल्या माणसासारखे, मीडियाचे दार ठोठावून पाहायचे, आणि वहीत तारीख घालून सही करायची. सहीपुढे एक रकाना आहे: बघून की आठवून?

तो मुलगा ऑगस्टच्या अखेरीस परत आला. आईने आणून सोडले. वर्गात कुणी काही बोलले नाही; मुले पुष्कळदा मोठ्यांपेक्षा शहाणी असतात. ज्याने तो फोटो पाठवला होता, त्याने त्याच्यासाठी आपल्या बाकावर जागा केली. पण माझ्या तासाला तो कागद कोराच ठेवी. मी काही म्हणालो नाही. कुणाची कोरी जागा मनाने भरून टाकायची नाही, एवढे तरी मी शिकलो होतो.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला विषय दिला होता, 'आमचे घर'. तास संपल्यावर त्याने कागद टेबलावर ठेवला आणि न बोलता निघून गेला. चित्रात एक खोली, दारात तुळशीचा डबा, पणती. दार बंद होते आणि बाहेरून कडी नीट काढलेली होती, खिट्टीसकट. त्याने मला क्षमा केली की बजावले, ते मला अजून ठरवता आलेले नाही. चित्र माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

त्या दिवाळीत आईला घेऊन आजोळी निघालो. आता एस. टी. नाही, भाड्याची मोटार दारात उभी. आईला वयोमानाने विसरायला होते. ती मोटारीत बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला." चार प्रश्न ती विसरली होती.

मी उंबरठ्यावरच थांबलो. मुलाला हाक मारली आणि विचारले, "मागच्या दाराला कडी घातलीस का रे?"

"हो बाबा, घातली."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. तो क्षणभर घुटमळला आणि मग धावत मागल्या दारी गेला.